कॉमन कार्डाच्या बाजूने

"काहून ठेवून राह्यला बे, कॉमन हाय ते!" शाळा सुटायच्या वेळेला काटोलच्या कुठल्याही जनरल स्टोअर्ससमोर जरा वेळ थांबलं की हे वाक्य कानावर येतंच. पाकीट दातांनी फाडायचं, आतली कार्डं अंगठ्याने सरकवत थेट शेवटच्यावर जायचं. ते चकाकलं तर आरडाओरडा, नाही चकाकलं तर सगळीच्या सगळी तिथेच टाकून द्यायची. हा प्रकार पोट्ट्यांनी स्वतः शोधून काढलेला नाही. पाकिटं फोडण्याचे जे व्हिडिओ मोबाइलवर चालतात, त्यांत मोठी माणसं हेच करतात. आधीची कार्डं नावसुद्धा न वाचता बाजूला जातात आणि कॅमेरा थांबतो तो शेवटच्या कार्डावर.

या सवयीमागे एक ठाम मत आहे आणि मला त्याच मताशी भांडायचं आहे. कॉमन कार्ड म्हणजे पाकिटातला भरणा, खरी वस्तू एकच आणि ती म्हणजे रेअर, असं ते मत. चांगली शिकलेली, नोकरीधंदा करणारी तरुण मंडळीही आता हेच बोलतात. कार्ड म्हणजे गुंतवणूक, दुर्मीळ तेवढं प्लास्टिकच्या कव्हरात घालून जपायचं, बाकीचं रद्दीत द्यायचं. दुसऱ्या बाजूला आईवडील आहेत. त्यांच्या लेखी कॉमन काय आणि रेअर काय, सगळा कागदच, वर जुगाराची सवय लावणारा. हे दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं वाटतं, पण दोघांच्या हातात माप एकच आहे: हे विकलं तर किती येतील? गुंतवणूकवाला म्हणतो रेअरचे येतील, पालक म्हणतात कशाचेच येणार नाहीत. कार्ड खेळण्यासाठी छापलेलं असतं ही गोष्ट दोघांच्याही हिशेबात नाही. ती हिशेबात घेतली की कॉमन कार्डाची जागा कुठे आहे ते दिसू लागतं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. कार्ड किती प्रमाणात छापलं आहे याची खूण त्याच्यावरच असते. पोकेमॉनच्या कार्डावर खालच्या कोपऱ्यात, क्रमांकाशेजारी, मुंगीएवढं चिन्ह असतं. वर्तुळ असेल तर कॉमन, चौकट असेल तर अनकॉमन, तारा असेल तर रेअर. असं कमी-जास्त प्रमाण ठरवून कार्डं छापण्याची पद्धत रूढ झाली ती 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळामुळे. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणला. त्याच्या पहिल्या पाकिटात पंधरा कार्डं असत: अकरा कॉमन, तीन अनकॉमन, एक रेअर. म्हणजे आपण ज्याला भरणा म्हणतो तो पाकिटाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग आहे. एका खेळाच्या तीन-चतुर्थांश कार्डांना काहीच काम नसेल तर तो खेळ तीस वर्षं टिकेल का? रेअरवाल्यांनी हा साधा प्रश्न स्वतःला विचारलेला दिसत नाही.

आता त्यांचाच सगळ्यात लाडका दाखला घेतो. चारिझार्ड. पोकेमॉनचा खेळ जपानात ऑक्टोबर १९९६ मध्ये आला, इंग्रजीत जानेवारी १९९९ मध्ये. त्या पहिल्या इंग्रजी संचात १०२ कार्डं होती आणि चौथ्या क्रमांकावर होता चारिझार्ड, चकाकता, ताऱ्याच्या खुणेचा. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या कोऱ्या करकरीत प्रतीला अमेरिकेत लाखो डॉलर मिळाले आहेत. हे कार्ड हातात आलं तर काटोलचं पोरगं आठवडाभर झोपणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ते कार्ड घेऊन खेळायला बसा. चारिझार्ड हा दुसऱ्या पायरीचा पोकेमॉन आहे, तो थेट टेबलावर ठेवताच येत नाही. आधी चारमँडर ठेवावा लागतो. त्याच्यावर एक पाळी थांबून चारमेलिऑन. आणि त्याच्यावर, पुन्हा एक पाळी थांबून, चारिझार्ड. मधली पायरी गाळायची सोय असलेलं एक कार्ड त्या संचात होतं, पण त्यालाही खाली चारमँडर लागतोच. हा चारमँडर त्या संचात ४६व्या क्रमांकावर आहे आणि त्याच्या कोपऱ्यात वर्तुळ आहे. कॉमन.

पुढे बघा. चारिझार्डचा गाजलेला हल्ला शंभराचं नुकसान करतो खरा, पण त्याला चार एनर्जी लागतात आणि हल्ला केला की त्यातल्या दोन टाकून द्याव्या लागतात. एनर्जीचं कार्ड एका पाळीत एकच लावता येतं. म्हणजे कित्येक पाळ्या खपून उभारलेलं सगळं एका हल्ल्यात निम्मं होतं. समोरच्याकडे त्याच संचातलं 'एनर्जी रिमूव्हल' असेल तर? ते एक कार्ड टाकलं की समोरच्याची एक एनर्जी निघून जाते. तेही कॉमन. पत्त्यांच्या गड्डीतून आणखी दोन कार्डं उचलू देणारं 'बिल', तेही कॉमन. त्या काळी ज्यांनी स्पर्धा गाजवल्या त्यांच्या गड्ड्यांत चारिझार्डचं फारसं काम नव्हतं. हलके, पहिल्याच पाळीत टेबलावर येणारे पोकेमॉन आणि 'बिल'सारखी भरपूर ट्रेनर कार्डं यांवर त्या गड्ड्या चालत. बाजारभाव आणि खेळातली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे १९९९ मध्येच सिद्ध झालं होतं. आपल्याकडे ते अजून पोचलेलं नाही.

याहून ठसठशीत पुरावा हवा असेल तर तो काटोलच्याच दुकानात टांगलेला आहे. सोनेरी कार्डांची ती पेटी सगळ्यांनी पाहिली असेल: पातळ प्लास्टिकची पंचावन्न कार्डं, सगळी सोन्याच्या वर्खाची, सगळ्यांवर मोठमोठ्या अक्षरांत व्ही, व्हीमॅक्स, जीएक्स, म्हणजे बड्या कार्डांच्या खुणा. ही नक्कल आहे, मूळ कंपनीची छपाई नव्हे. माझ्या भाच्याने ती वाढदिवसाच्या पैशातून घेतली आणि मला म्हणाला, "मामा, आता खेळून दाखव." आम्ही फरशीवर सगळी कार्डं मांडली. उन्हाच्या तिरिपेत ती अशी झळाळत होती की अक्षरं वाचायला प्रत्येक कार्ड तिरकं धरावं लागत होतं. बऱ्याच नावांचं स्पेलिंग चुकलेलं. व्हीमॅक्स कार्डं ढिगाने होती, पण व्हीमॅक्स चढवायला खाली त्याच नावाचं व्ही कार्ड लागतं, आणि त्या जोड्या जुळेनात. एनर्जीचं एकही कार्ड नाही, म्हणजे कोणालाच हल्ला करता येईना. ट्रेनर कार्ड नाही, म्हणजे नवीन कार्ड ओढायची सोय नाही. पोराच्या हातात पंचावन्न राजे होते आणि डाव सुरूच होत नव्हता. तासाभराने त्याने ती पेटी बंद करून ठेवली ती ठेवलीच.

नकली कार्डं करणाऱ्याने नेमकं काय केलं ते लक्षात घ्या. कॉमन रद्दी असतं हे मत त्याने अक्षरशः खरं मानलं आणि रद्दी काढून टाकून नुसता 'माल' विकला. सगळं रेअर असलेला खेळ म्हणजे काय, हे त्या पेटीने दाखवून दिलं. रेअरवाल्यांच्या मताची यापेक्षा सरळ परीक्षा दुसरी कोणती असू शकते?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: कॉमन लागतं हे ठीक, पण ते पायरीपुरतं, जिंकून देतं ते रेअरच. हेही खरं नाही. आजच्या पोकेमॉनच्या नियमात साधा पोकेमॉन हरला तर समोरच्याला एक बक्षीस-कार्ड मिळतं, व्ही हरला तर दोन, व्हीमॅक्स हरला तर तीन. सहा बक्षिसं घेतली की डाव संपला. म्हणजे दोन व्हीमॅक्स पडले की खेळ खलास, आणि साधे पोकेमॉन लढवणाऱ्याचे सहा पोकेमॉन पडावे लागतात, तेव्हा तो हरतो. मोठ्या कार्डाची मोठी किंमत नियमातच लिहून ठेवली आहे. मॅजिकमध्ये तर 'लाइटनिंग बोल्ट' हे १९९३च्या पहिल्या संचातलं कॉमन कार्ड आजही खेळलं जातं. काम एवढंच: एक लाल माना, म्हणजे जादूची शक्ती, खर्च करा, तीन नुकसान करा. प्रत्येक खेळाडू वीस प्राणांवर सुरुवात करतो, त्यातले तीन एका फटक्यात. या कार्डावर कोणताही गुंतागुंतीचा मजकूर नाही. इतक्या स्वस्तात इतकं काम करणारं कार्ड नंतर क्वचितच निघालं.

आणि मग 'पॉपर'. फक्त कॉमन म्हणून छापली गेलेली कार्डं घेऊन मॅजिक खेळण्याची ही पद्धत खेळाडूंनी स्वतःहून सुरू केली, आधी ती संगणकावरच्या मॅजिकमध्ये रुजली, आणि २०१९ मध्ये कंपनीने कागदी कार्डांसाठीही तिला अधिकृत मान्यता दिली. पैसे नसलेल्यांची तात्पुरती सोय म्हणून तिच्याकडे बघणाऱ्यांनी तिच्या बंदीची यादी वाचावी. २०१९ च्या मे महिन्यात गश, गिटॅक्शियन प्रोब आणि डेझ या तीन कॉमन कार्डांवर पॉपरमध्ये बंदी घालावी लागली, कारण त्यांच्यापुढे बाकीच्यांचं काही चालेना. २०२२ पासून तर या प्रकारावर नजर ठेवायला जाणकारांचं वेगळं मंडळ आहे. ज्याला तुम्ही रद्दी म्हणता ते इतकं जोरकस असतं की त्याला वेसण घालायला माणसं नेमावी लागतात.

गुंतवणूकवाल्यांचा पुढचा मुद्दा असा की बाजार काही वेडा नाही, मागणी-पुरवठ्याने भाव ठरतो, चांगल्या मालाला जास्त आणि हलक्याला कमी. काटोलच्या माणसाला हा युक्तिवाद पटकन पटतो. आंबिया बहाराचा तोडा झाला की बागेत संत्र्यांचे ढीग लागतात, व्यापारी मोठं फळ वेगळं काढतो आणि चुरीला भाव पाडून मागतो. ते बघतच आपण मोठे झालो. पण कार्डाला ही उपमा लागू करताना एक गोष्ट निसटते. चुरी झाडावर तयार होते. पाणी कमी पडलं, फळगळ झाली, झाडावर भार जास्त झाला, अशी तिला कारणं असतात आणि ती कारणं फळात दिसतात. कार्डाचं तसं नाही. चकाकीचा थर सोडला तर चारमँडर आणि चारिझार्ड सारखेच, ६३ बाय ८८ मिलिमीटर या एकाच मापात निघतात. कुठलं किती छापायचं हे कोणीतरी टेबलावर बसून ठरवतं. हे दुर्भिक्ष निसर्गाने आणलेलं नाही, शेतकऱ्याच्या नशिबानेही नाही, ते कंपनीच्या आदेशाने आहे. ज्याने आधी टंचाई छापली आणि मग तिचा भाव घेतला, त्याच्या भावाला गुणवत्तेचा दाखला कसा म्हणायचा?

शिवाय ही टंचाई कधी कधी निव्वळ अपघाताने होते. अमेरिकेत २०२२ साली बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. हे कार्ड इतकं मोलाचं का? त्या वर्षीच्या संचाचा उशिरा छापलेला भाग दुकानदारांनी उचललाच नाही. ती खोकी गोदामात वर्षानुवर्षं धूळ खात पडली आणि १९६० मध्ये कंपनीचे साय बर्जर यांनी ती बोटीवर चढवून अटलांटिक समुद्रात टाकली. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्यात मँटलची कार्डंही गेली. म्हणजे ज्या कार्डाला आज बंगल्याची किंमत आहे ते तेव्हा न खपलेला माल होतं. आणि याच्या उलट गोष्टही घडली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत लोकांनी मुलांच्या कॉलेजची तरतूद म्हणून खेळाडूंच्या कार्डांचे खोकेच्या खोके न उघडता माळ्यावर ठेवले. कंपन्यांनी मागणी बघून छपाई इतकी वाढवली की आज त्यातले बहुतेक खोके कोणी घेत नाही. त्यांच्यात काही कार्डं तेव्हा 'हमखास सोनं' म्हणून घेतलेली होती. त्यांच्याशी कोणी खेळलं नाही, कोणी ती हाताळलीही नाहीत. जपून ठेवलेली ती कार्डं आता खऱ्या अर्थाने रद्दी आहेत, आणि काटोलच्या पोराच्या खिशातला कोपरे झिजलेला चारमँडर अजून खेळात आहे.

हा विचार आपल्याला परका वाटायचं कारण नाही. सावंतवाडीचा गंजिफा बघा. लाखेच्या रंगांत हाताने रंगवलेली ती गोल पानं, दशावतारी संचात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा. बारांतला एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा साधी पानं. म्हणजे एकूण १०० पानं साधी आणि वीसच मानाची. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही मरायला टेकलेली कला राजवाड्यात कारागीर बसवून जगवली, आणि आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. या खेळातली एक व्यवस्था मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. अर्ध्या रंगांत दहाचं पान वरचढ आणि एक्का खाली, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का वर आणि दहा तळाला. कुठलं पान हलकं ते त्या पानावरून ठरत नाही, तुम्ही कुठल्या रंगात खेळताय त्यावरून ठरतं. ही पानं करणाऱ्या चिताऱ्याला एक्का रंगवताना राजाच्या पानाइतकंच पान गोल कापावं लागतं, तेवढेच लाखेचे हात द्यावे लागतात.

आपल्या घरोघरच्या बावन्न पत्त्यांतही तेच. बदाम सातचा डाव सुरू करायचा मान राजाला नाही, एक्क्यालाही नाही, बदामाच्या सत्तीला आहे. मेंढीकोटात सगळी लढाई चार दश्श्यांसाठी चालते. आणि हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते, हे तर चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. पत्ते पिसून, वाटून, हातात आलेल्या दुर्री-तिर्रीवर डाव काढून दाखवणाऱ्या आजोबांचं आपण कौतुक करत आलो. त्याच घरातला नातू साधं कार्ड बघून नाक मुरडतो तेव्हा तो परदेशी खेळ शिकलाय असं म्हणू नका. तो खेळ शिकलाच नाही, बाजार तेवढा शिकला.

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रंप कार्डं आठवत असतील. काटोल, नरखेड, वरूड, सगळीकडे ती होती. रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. त्या डब्यात सगळी कार्डं एकदमच मिळायची, माझ्या डब्यात जी तीच तुमच्या डब्यात. रेअर नावाची भानगडच नव्हती. रँकमध्ये तळाला असलेला पहिलवान हातात आला की तोंड पडायचं, पण नीट बघितलं तर त्याची उंची नाहीतर वजन कोणाला ऐकणारं नसायचं, आणि योग्य वेळी तेच सांगून समोरच्याचा पहिल्या रँकवाला उचलता यायचा. प्रत्येक कार्डाची एखादी तरी बाजू जड असते आणि ती शोधायची असते, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याच पिढीतले काही जण आज आपल्या मुलांना "रेअर निघालं का?" एवढंच विचारतात याचं मला वाईट वाटतं.

आता पालकांकडे वळतो, कारण त्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे. बंद पाकीट घ्यायचं, आत काय निघेल माहीत नाही, हवं ते निघालं नाही की पुन्हा पाच-दहा रुपये काढायचे, ही जुगाराचीच रीत आहे असं ते म्हणतात. मी हे नाकारत नाही. बेल्जियममध्ये २०१८ साली व्हिडिओ गेममधल्या अशाच बंद पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवलं गेलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि तो करावा लागला यामागे किती घरांची राखरांगोळी आहे हे वेगळं सांगायला नको. मॅजिकच्या १९९३च्या मूळ नियमांत तर दोघांनी आपापलं एकेक कार्ड पणाला लावायचं आणि जिंकणाऱ्याने ते ठेवून घ्यायचं असा नियमच होता, तो पुढे सोडून द्यावा लागला. पालकांची धास्ती साधार आहे.

पण जुगार नेमका कशात आहे ते नीट पाहिलं पाहिजे. कार्डाने खेळण्यात तो नाही, आता खेळात पणाला काही लावलेलं नसतं. तो आहे रेअरच्या मागे धावण्यात. पोरगं पाकिटामागे पाकीट घेतं ते कॉमनसाठी नाही, कॉमन तर पहिल्याच पाकिटात निघतं. जे मत कॉमनला रद्दी ठरवतं तेच मत पुढचं पाकीट घ्यायला लावतं. पाकिटातली सगळी कार्डं वापरण्याजोगी आहेत असं मुलाला एकदा समजलं की पाकीट हरणं-जिंकणं या प्रकारातच बसत नाही. म्हणून कार्डं जप्त करणाऱ्या पालकाला माझं सांगणं आहे की तुम्ही जुगार थांबवत नाही आहात, त्याच्यावरचा उपाय जप्त करताय. मुलाजवळ बसा, त्याच्याकडच्या कॉमन कार्डांची गड्डी लावून द्या आणि एक डाव खेळा. चारमँडरला पन्नास प्राण, त्याला तीसचा फटका बसला, उरले किती, आता पुढच्या वेळी त्याला मागे घ्यायचा की लढवायचा? तिसरीतलं मूल हे तोंडी करतं. कार्डावरच्या इंग्रजीच्या दोन ओळी मराठी शाळेतलं मूल शब्दकोश न उघडता लावतं, कारण ते कळल्याशिवाय त्याची पाळी पुढे जात नाही.

संग्राहकांनाही काही विचारायचं आहे. संग्रह म्हणजे संच पुरा करणं. १०२ कार्डांच्या संचात चारिझार्ड एक आहे आणि १०१ इतर आहेत. पिकाचू, ज्याचं तोंड अख्ख्या जगाला ठाऊक आहे, तो त्या संचात ५८व्या क्रमांकावर आहे आणि कॉमन आहे. याच पिकाचूचं चित्र असलेल्या, जपानातल्या चित्र-स्पर्धेच्या विजेत्यांना दिलेल्या एका बक्षीस-कार्डासाठी कोणीतरी ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजले. पण पिकाचू घराघरांत पोचला तो त्या बक्षीस-कार्डामुळे नव्हे. अल्बमच्या पानात ५८ क्रमांकाचा कप्पा रिकामा असेल तर तो संच अपुराच, मग बाकी काहीही असो.

खेळाडूंच्या कार्डांत तर कॉमनचं मोल आणखी वेगळं आहे. तिथे संग्राहक 'कॉमन' म्हणतात ते साध्या खेळाडूला, ज्याच्या नावाने कोणी पाकीट फोडत नाही त्याला. विदर्भाने २०१७-१८ मध्ये रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा त्या स्पर्धेचा कार्डसंच निघता तर सोनेरी वर्ख कोणाच्या वाट्याला आला असता? अंतिम सामन्यातल्या प्रतिस्पर्धी दिल्लीकडच्या, भारतीय संघात खेळलेल्या नावांच्या. आणि कॉमनच्या गठ्ठ्यात कोण असतं? अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी, शतक काढणारा अक्षय वाडकर, कर्णधार फैज फझल. त्या संघाने पुढच्या वर्षी करंडक राखला, २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा घेतला, आणि त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. अशा खेळाडूंचे चेहरे आणि आकडे एखाद्या मुलाच्या अल्बममध्ये राहतात ते कॉमन कार्डामुळेच. साध्या खेळाडूचं कार्ड फेकणारा संग्राहक संघाचा फोटो कापून फक्त कर्णधार ठेवतोय, आणि त्यालाच संग्रह म्हणतोय.

दुर्मीळ कार्डाचा मला राग नाही. ते सुंदर असतं, निघालं की आनंद होतो, तो आनंद कोणाचा हिरावून घ्यायची माझी इच्छा नाही. माझं भांडण त्याच्यासाठी बाकीच्यांना नालीत टाकण्याशी आहे. आणि म्हणून काटोलमधल्या दुकानदारांना, शाळेतल्या शिक्षकांना, वाचनालयं चालवणाऱ्यांना एक मागणं आहे. दुकानदाराने काउंटरवर एक रिकामा डबा ठेवावा. ज्याला कॉमन नको त्याने ते रस्त्यावर न टाकता त्यात टाकावं, ज्याला हवं त्याने फुकट न्यावं. सुट्टीच्या दिवशी एखाद्या वर्गात किंवा वाचनालयाच्या ओट्यावर पोरांना खेळायला बसू द्यावं. नियम ठरलेलेच आहेत: साठ कार्डांची गड्डी, एका नावाची जास्तीत जास्त चार, साधी (बेसिक) एनर्जी हवी तितकी. त्यात आपण एकच भर घालायची, की एनर्जी सोडून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात वर्तुळ पाहिजे. कोणी सोनेरी पेटी घेऊन आला तर त्यालाही बसवून घ्यावं. त्याची गड्डी त्याच डब्यातून लावून देता येईल, आणि एखादा चारमँडर कमी पडला तर शेजारच्या पोट्ट्याकडे डबल असतोच.